तुरेवाले मामंजी

अख्ख्या वऱ्हाडात सरळ वाक्यात न बोलणारा एकच वकील होता, आणि नेमका तोच माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. मामंजी अकोल्याला वकिली करत आणि उरलेल्या वेळात कलगी-तुऱ्याचे फड गाजवत, असं लोक म्हणत. खरं म्हणजे फडांतून वेळ उरला तर ते कोर्टात जात. कलगी-तुरा म्हणजे डफावरचं गाणं कमी आणि भांडण जास्त. तुरेवाले शिवाची बाजू घेणार, कलगीवाले शक्तीची. एकानं गाऊन सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं त्याच चालीत, उभ्याउभ्या जवाब जुळवायचा. जवाब सुचला नाही की भर गर्दीत हार. मामंजी तुऱ्याचे.

अमरावतीला मला पाहायला आले तेव्हा त्यांनी ना स्वयंपाक विचारला ना शिवणकाम. पोह्यांची बशी बाजूला सारून डोळे मिटले, बोटांनी ठेका धरला आणि गायले, "विहिरीले आधी काठ का आधी पानी, सांग पोरी शाहनी." संस्कृत शिकवणाऱ्या माझ्या वडिलांचा चेहराच उतरला. मी म्हटलं, "आधी तहान." मामंजींनी डोळे उघडले आणि लग्न तिथंच पक्कं झालं. मुलाला विचारायचं राहिलं, हे त्यांना अकोल्याच्या वाटेवर आठवलं म्हणे.

सासूबाईंशी मात्र त्यांचा सूर जुळत नसे. ते मीठसुद्धा यमक जुळवून मागत, आणि गद्यात मागितल्याशिवाय मिळणार नाही, असं त्या शांतपणे सांगत. मामंजी पुष्कळदा अळणी जेवले. कोर्टात एकदा उलटतपासणीत त्यांनी साक्षीदाराला असं लयीत धरलं की तोही यमकात उत्तरं देऊ लागला. न्यायाधीशांनी ताकीद दिली. मामंजींनी दिलगिरी व्यक्त केली, तीही चार चरणांत.

पुढं फडांवर लाउडस्पीकर आले आणि जुने डफवाले नाकं मुरडू लागले. मामंजी माइकसमोर असे उभे राहिले, जणू तो त्यांच्यासाठीच घडवला होता. शाळकरी पोरांच्या तोंडच्या सिनेमाच्या चाली त्यांनी बिनदिक्कत उचलल्या आणि त्यांत शिव-शक्तीचं भांडण बसवलं. कोणी टोकलं तर म्हणत, "चाल कोनाची का असेना, सवाल आपला पाह्यजे." बायकांनी फडाला बसायचं नाही हा रिवाजही त्यांनीच मोडला, मला आणि सासूबाईंना पुढच्या सतरंजीवर नेऊन बसवलं.

त्यांचा खरा जोडीदार, म्हणजे वैरी, हिवरखेडचा एक कलगीवाला शेतकरी होता. सगळे त्याला बुवा म्हणत. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांना फडावर सोलून काढत आणि खाली उतरल्यावर एक शब्द बोलत नसत. बोललो तर धार जाते, असं मामंजींचं मत. तरी घरात बुवांबद्दल वावगं बोलायची कोणाची छाती नव्हती.

एका सकाळी बुवा आमच्या दारात उभे राहिले. गळ्याला पट्टी होती. घशाचं दुखणं आवाज घेऊन गेलं होतं. उरली होती नुसती कुजबुज. मामंजींच्या अगदी कानाशी येऊन ते म्हणाले, "बार्शीटाकळीचा फड म्या कबूल केला हाये. माही बाजू तुमीच गा."

मामंजी साध्या गद्यात म्हणाले, "गातो."

बार्शीटाकळीला देवळापुढं दुपार कलल्यावर फड उभा राहिला. बुवा मामंजींच्या पाठीशी उभे. ते कानात कुजबुजत आणि मामंजी कलगीच्या बाजूला जाऊन तेच खणखणीत आवाजात गात. मग परत तुऱ्याच्या बाजूला येऊन आपला जवाब गात. हा वकील कोर्टात खोट्याचं खरं करतो आणि फडात खऱ्याचं खोटं, असा टोला बुवांनी दिला. मामंजींनी एक अक्षर मऊ न करता तो स्वतःलाच हाणला. लोक हसून लोळत होते. सासूबाई तर पदर तोंडात धरून बसल्या होत्या. तिन्ही सांजा होत आल्या तेव्हा बुवा पुन्हा कानाशी झुकले. मामंजी कलगीच्या बाजूला गेले आणि गायले,

"सवाल चाले, जवाब चाले, एका जुवाची जोडी,
सवाल बसला, जवाब मंग काहाले वढते गाडी?"

गाऊन ते तुऱ्याच्या बाजूला आले. डफ वाजत राहिला. साथीदारांनी पालुपद एकदा म्हटलं, पुन्हा म्हटलं. मामंजींनी डफ खाली ठेवला आणि वाकून बुवांना नमस्कार केला. लोकांनी कलगीचा जयजयकार केला. बुवा रडत होते, आणि मामंजी अभिमानानं सगळीकडं पाहत होते, जणू तो सवाल त्यांनाच सुचला होता.

परतताना दोघं पहिल्यांदाच एका दमणीत बसले. बैलांच्या घुंगरांत बुवांची कुजबुज मागच्या गाडीत आम्हाला ऐकू येत नव्हती. मामंजींचं हसणं तेवढं येत होतं.

त्या उन्हाळ्यात बुवा गेले. मामंजींना फडांची बोलावणी येत राहिली. ते जात, आणि जिंकतही. आता त्यांच्यापुढं टिकणारं कोणी नव्हतंच. पण जिंकून आले की अंगणातल्या बाजेवर बसत, मी पाणी नेलं की साध्या गद्यात "ठेव, सूनबाई" म्हणत, आणि कोण हरलं ते मला दुसऱ्यांकडून कळे.