हात रिकामे नव्हते

पोलिसांनी तुम्हाला विचारलं, "हे इथंच सापडलं ना?" — आणि ते तिथं सापडलेलं नाही हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असलं — तर तुम्ही काय म्हणाल?

लगेच उत्तर देऊ नका. मीही लगेच दिलं असतं. पुढं लिहिते आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

मी पत्रकांवर वाढले. बाबा संघटनेचं काम करायचे. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. जव्हारच्या कॉलेजात गेल्यावर स्वतःच लिहू लागले. त्यातलं एक होतं, 'पोलीस घरी आले तर'. अटक का करताय ते त्यांनी सांगायला हवं. घरच्यांना कळवायला हवं. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं न्यायला हवं. झडतीचं चित्रण व्हायला हवं, दोन पंच समोर हवेत. आणि सगळ्यात जाड अक्षरात — आत शिरण्याआधी त्यांचे हात रिकामे आहेत का ते बघा.

ही ओळ मला फार आवडायची. मोखाड्याच्या बाजारात मी ती ओरडून वाचायचे.

त्या उन्हाळ्यात आमच्या पाड्याच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. बाया पुन्हा हंडे घेऊन दरीत उतरू लागल्या. पाड्यातलाच लहानूकाका पाण्यावरून ठेकेदाराशी भांडला होता. चोर म्हणून त्याचं नाव घ्यायला तेवढं पुरलं.

बाजारच्या दिवशी पोलिसांची जीप माझ्यापाशी थांबली. "ए पत्रकवाली, चल. घरात बाईमाणूस एकटं आहे, बाई पंच पाहिजे. तुझ्याच कागदात असतं ना सगळं?" जीपमधले हसले. मीही हसले — का हसले? बांगड्यांच्या दुकानवाल्याला दुसरा पंच म्हणून घेतलं.

मागं बसले तर पायाशी गोणपाट. पाय टेकला तो गार लोखंडाला. मी पाय काढून घेतला. साहेब पुढूनच, मान न वळवता म्हणाले, "भाऊ भिवंडीला गोदामात असतो ना तुझा? सांभाळून राहा म्हणावं. दिवस वाईट आहेत."

बस. एवढंच. शिवी नाही, हात उगारला नाही. पण त्यांना हे कसं ठाऊक?

जानकीकाकी, लहानूकाकाची बायको, दाराची चौकट धरून उभी होती. जीपमधून मी उतरले आणि तिचा चेहरा सैल पडला. "बाय, तू हायस व्हय? मग काय भ्याव नाय."

हे वाक्य वाचून पुढं जाऊ नका. क्षणभर थांबा. मी तर त्या वाक्यापाशीच राहिले आहे.

काकीला रेशनकार्ड आणायला आत पाठवलं. दोघा शिपायांनी गोणपाट उचललं, घरामागं नेलं. तिथं काकीनं राबासाठी, भाताच्या रोपांची जागा भाजायला, गोळा केलेल्या पाल्याचा ढीग होता. मोटार त्यात खुपसली, वर पाला लोटला. एकानं हात झटकले. मग — मग मोबाईल सुरू केला. काकी कार्ड घेऊन बाहेर आली, आणि झडती 'सुरू' झाली. पाला उपसला. मोटार निघाली. काकी मोटारीकडं बघतच नव्हती, माझ्याकडं बघत होती.

मोबाईल माझ्या तोंडासमोर आला. "पंच बाई, तुमच्यासमोर सापडली?"

बांगडीवाला माझ्या तोंडाकडं बघत होता. मी नाही म्हटलं असतं, तर कदाचित त्यानंही म्हटलं असतं.

"हो," मी म्हणाले.

लहानूकाकाला त्याच दुपारी स्टँडवरून उचललं. जामीन मंजूर झाला, पण चोराला जामीनदार कोण राहणार? तो अजून आत आहे. काकी अधूनमधून येते, उंबऱ्यावर बसते. "बाय, तुला कायदा कळतं. आपल्या पाल्यात ती आली कुठून गं?" तिला वाटतं, मलाही फसवलं.

कायदा त्यांनी मोडला, खरं आहे. पण मोडलेला कायदा अखंड दिसायला एक तोंड लागतं. ते मी दिलं. भावाचं नाव घेतलं होतं, हे मी कारण म्हणून सांगत नाही. काकीच्या घरातही कुणाचं तरी नाव घेतलं गेलंच ना?

आता समन्स आलं आहे. गुरुवारी जव्हारच्या कोर्टात तो व्हिडिओ लावतील आणि मला विचारतील. घाटात जीपचा हॉर्न वाजला तरी मी दाराला कडी घालते. हे पत्रक छापून वाटल्यावर गुरुवारच्या आत माझ्या दाराशी कोण येईल, ठाऊक नाही. आणि खरं सांगते — पिंजऱ्यात उभी राहिल्यावर माझ्या तोंडून काय निघेल याची मला खात्री नाही.

म्हणून माफी मागत नाही. एक काम सांगते. गुरुवारी कोर्टात या, मागच्या बाकावर बसा आणि माझ्याकडं बघत राहा. मी पुन्हा "हो" म्हणाले, तर हा कागद उचला आणि लहानूकाकाच्या वकिलाच्या हातात द्या.