बिनढोलकीची मंडळी

"मॅडम, हे परत घ्या. आम्हाला नको."

रूथनं पर्स उघडली आणि आपल्या लेकराचं मशीन माझ्या टेबलावर ठेवलं. शेजारी तिचे सासरे हाताची घडी घालून बसले होते. लोहाऱ्याकडच्या एका गावात ते पास्टर आहेत. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो तीन वर्षांचा शमुवेल माझ्या खेळण्यांच्या टोपलीत डोकं घालून बसला होता. मशीन दिसलं मात्र, टोपली टाकून तो दाराकडं पळाला.

मी धाराशिवला स्पीच थेरपिस्ट आहे. बहिऱ्या मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवते. ऐकू यायला लागलं की मूल आपोआप बोलतं, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये ऑपरेशन करून कानाच्या आत एक बारीक तार बसवतात. कानावर बाहेरून मशीन अडकवायचं, त्याची चकती चुंबकानं डोक्याला चिकटते. आवाज मशीनमधून आत जातो. बाहेरचं मशीन काढलं की मूल पुन्हा ठार बहिरं. म्हणजे मशीन पर्समध्ये राहिलं तर ऑपरेशन पाण्यात गेलं. आणि वय काही थांबत नाही. लहानपणी मेंदूनं आवाज ओळखले नाहीत तर पुढं ते अवघड होत जातं. शमुवेलच्या हातात वेळ थोडा होता.

"परत कशाला? ऑपरेशन झालं तेव्हा पेढे घेऊन आलात की!"

"तवा ठाऊक नव्हतं," रूथ म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "दोन वर्षं गुडघ्यावर होते मी, मॅडम. उपास केले. ऐकू दे म्हणले, दुसरं काय बी मागितलं न्हाय. ऑपरेशनला नंबर लागला, वाटलं प्रभूनं ऐकलं. आन आता? आधी माझ्या मांडीवर झोपायचं लेकरू. आता मी मशीन घेऊन दिसले की रडतंय. त्याला वाटतंय, आई मारायलीय."

"आणि तुमच्या चर्चमधली मंडळी काय म्हणते?"

"इस्वास कमी पडला म्हनत्यात."

माझं डोकंच फिरलं. मीही ख्रिस्ती घरातली, सोलापूरच्या चर्चमध्ये लहानाची मोठी झालेली. ही विश्वास मोजणारी माणसं मला चांगली ठाऊक आहेत. दुसऱ्याचाच मोजतात.

मी मशीन हातात घेऊन चालू केलं. त्यावरचा बारीक दिवा चार वेळा लुकलुकला. हे काही मला बरं वाटलं नाही.

मशीन पहिल्यांदा चालू करतात त्याला स्विच-ऑन म्हणतात. त्या दिवशी त्यात चार नंबर भरून देतात. पहिला अगदी हळू, चौथा सगळ्यात मोठा. जो नंबर चालू, तितक्या वेळा दिवा लुकलुकतो. मूल रुळेल तसं एकेक नंबर वर जायचं. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी गावजेवणाचा स्वयंपाक सांगत नाहीत, तसंच हे.

"चौथ्यावर कुणी नेलं?"

रूथनं सासऱ्यांकडं बघितलं. पास्टरांनी घसा खाकरला. "म्या नेलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पुण्याला स्विच-ऑन झालं आणि त्याच रविवारी यांनी देवाचे आभार मानायला उपकारस्तुतीची सभा ठेवली. प्रार्थनेची जागा म्हणजे घराला जोडलेली पत्र्याची शेड. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. मोठाले साउंड बॉक्स, ढोलकी, खंजिरी, टाळ्या. पोराला सगळ्यांच्या पुढं बसवलं.

"देवाचं वचन पयल्यांदा त्याच्या कानी पडायचं होतं," पास्टर म्हणाले. "म्हनलं, नीट ऐकू यावं. प्रभूनं दिलंय तर हात आखडता कशाला? माइकवर 'हालेलुया' म्हनलं आन पोरगं किंचाळलं. मशीन उपटून फेकलं. आईच्या हाताला चावलं."

"अहो पास्टर! त्यानं जन्मात भांडं पडलेलंसुद्धा ऐकलं नव्हतं. आणि त्याला तुम्ही पत्र्याखाली ढोलकीसमोर बसवलंत, तेही चौथ्या नंबरवर?"

"चुकलं माझं," ते म्हणाले. पण माणूस हार मानणारा नव्हता. "तरी एक सांगा, सिस्टर. देवानं द्यायचंच तर पुरतं का दिलं न्हाय? मागितलं ऐकणं, आन पदरात हा तरास!"

प्रश्न खोटा नव्हता. रूथही माझ्याकडं बघत होती.

"शमुवेल मागितला तेव्हा रूथनं कळा मागितल्या होत्या का?" मी म्हटलं. "आल्याच ना? लेकरू देताना देवानं त्या चुकवल्या नाहीत. ऐकणं देताना कशा चुकवील? फरक एवढाच, त्या एका दिवसात आटोपल्या. या पुरतील वर्ष-दोन वर्षं."

रूथनं पदरानं डोळे पुसले. "मग काय करू, सांगा."

मी पुण्याला मशीनवाल्या मॅडमना फोन लावला. त्यांच्याशी बोलून मशीन पहिल्या नंबरवर आणलं. शांत खोलीत लावायचं, सुरुवातीला अगदी थोडा वेळ. आणि मी सांगेपर्यंत शेडमध्ये माइक नाही, ढोलकी नाही.

पास्टर उठूनच उभे राहिले. "बिनढोलकीची मंडळी? लोक न्हाय यायचे! आन देवाची स्तुती काय कानात कुजबुजायची?"

"कुजबुजा की. देवाला ऐकू येतं. त्याला मशीन लागत नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात रूथ बोलली. सासऱ्यांना ती उलट बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते. "पप्पा, पुढं उभं राहून गाणं मीच म्हणते न्हवं? बारीक म्हणीन. न्हायतर आता गाणारच न्हाय."

पास्टर खाली बसले. सुनेचा आवाज हीच त्यांच्या मंडळीची मिळकत होती. "व्हय. तसं तर तसं," ते म्हणाले.

मग खरं काम सुरू झालं. शमुवेलला शेंगा फार आवडायच्या. मशीन लावायचं, त्याच्या पाठीमागं मी हळूच वाटी वाजवायची, आवाज आला की त्यानं एक शेंग डब्यात टाकायची. सुरुवातीला शेंगा पोटात आणि चकती जमिनीवर. कधी रूथ इथंच बसून त्याच्याबरोबर रडायची. पण लोहाऱ्याहून पहाटेची एसटी तिनं कधी चुकवली नाही. ती आजारी पडली की पास्टर पोराला खांद्यावर घेऊन यायचे.

मंडळीतली दोन घरं दुसऱ्या चर्चला गेली. 'इथं पवित्र आत्मा उरला न्हाय' म्हणाली. पास्टरांना ते फार लागलं. तरी साउंड बॉक्सवर झाकलेली चादर त्यांनी काढली नाही.

एक दिवस वाटी वाजली आणि शमुवेलनं शेंग न खाता डब्यात टाकली. मग मागं वळून माझ्या हातातल्या वाटीकडं बघितलं. मला इतका आनंद झाला की मी वाटी पुन्हा वाजवली, पुन्हा वाजवली, शेवटी तोच कंटाळला.

पुढं नंबर वर जात गेले. बऱ्याच महिन्यांनी मी ढोलकीला परवानगी दिली, अगदी हळू, आणि त्या रविवारी स्वतः तिकडं गेले. रूथ गायली. ढोलकी वाजली. शमुवेल मशीन लावून पुढं बसून होता. मशीनला त्यानं हात लावला नाही. रूथ गाता गाता रडत होती, पण सूर सोडला नाही तिनं.

मग पास्टर उठले. इतक्या दिवसांचं साठलेलं! प्रवचन सुरू झालं ते थांबेचना. उन्हानं पत्रा तापला. लोक चुळबुळायला लागले, पण पास्टरांना सांगायचं कुणी? शमुवेल उठला. आजोबांपाशी गेला, त्यांची पँट ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बास!"

त्याचा जन्मातला पहिला शब्द.

पास्टर वाकले. "काय म्हनला रं?"

"बास!"

पास्टरांनी त्याला उचलून छातीशी धरलं. "आमेन," म्हणाले आणि खाली बसले. मग जो हशा आणि जी रडारड झाली, ती कुठल्याही साउंड बॉक्सला भारी होती.

आता मी स्विच-ऑनच्या आधीच सगळ्या आईबापांना बजावून ठेवते. सभा असो, गोंधळ असो, कव्वाली असो, मागणं पुरं झालं म्हणून लगेच दणका उडवू नका. मिळालेलं आधी हळूहळू अंगवळणी पाडून घ्या. पहिला नंबर म्हणजे पहिलाच.

पास्टरांचं प्रवचन त्या दिवसापासून आटोपशीर झालं आहे. त्यासाठी मंडळीत कुणी उपास-प्रार्थना केली होती का, हे मात्र मी विचारलं नाही.