चंदानगर बाजूलेच आहे

हैदराबाद शहरात मी सहा महिने राहिलो आहे आणि त्या शहरातली एक गल्ली मला तोंडपाठ आहे.

या वाक्याचा पहिला अर्धा भाग मी गेली तीस वर्षं लोकांना सांगत आलो. दुसरा गिळत आलो. आज पहिल्यांदाच दोन्ही एकत्र लिहितो आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

आयटीआय झाल्यावर फिटर म्हणून मी तिकडच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागलो. खोली चंदानगरला. खोली ते कारखाना, कारखाना ते खानावळ, खानावळ ते खोली. चारमिनार मी रोज पाहायचो (खानावळीच्या कॅलेंडरवर). बाकी शहर फार मोठं आहे, असं ऐकून होतो.

आणि रोज कामावरून सुटलो की कुठे जायचो? चंदानगरच्या रेल्वे स्टेशनावर! तिथे पिवळ्या पाटीवर हिंदीत 'चंदानगर' लिहिलेलं होतं. फलाटावरच्या एका ठरावीक खांबाआड उभं राहिलं, की 'नगर' झाकलं जाई आणि उरे नुसतं 'चंदा'. आमच्या चंद्रपूरला जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात. एक काना तेवढा कमी पडायचा, तो मी मनातून द्यायचो. मग एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावून मायला बोलवायचो आणि तिकडून "बापू, जेवला का?" आलं, की इकडे नाक पुसत बसायचो. बूथवाला पावतीबरोबर जुना पेपर द्यायचा. डोळे पुसायला.

असा हा शूर गडी सहा महिन्यांनी परत आला, पुढे चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात चिकटला आणि क्वार्टरच्या ओट्यावर बसून हैदराबाद सांगू लागला! तलाव सांगितला, किल्ला सांगितला, चारमिनारवर बसून प्यालेला चहासुद्धा सांगितला. कॅलेंडरला बारा पानं होती. मी बारा ठिकाणांच्या पुढे कधी गेलो नाही, एवढंच माझ्या प्रामाणिकपणाबद्दल म्हणता येईल.

चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून हैदराबादला जायचं ठरलं. मी, माझी बायको सुनंदा, मुलगी पल्लवी, माझी मोठी बहीण कुसुमबाई, राजुऱ्याच्या कोळसा खाणीत नोकरी केलेले तिचे यजमान (आमचे भाऊजी) आणि माय. तीन दिवसांची सहल. प्रश्न एकच उरला होता, हॉटेल कोणत्या भागात घ्यायचं?

"चारमिनारच्या समोरच पाह्यजे," भाऊजी म्हणाले. "खिडकी उघडली का चारमिनार!"

"त्याले खिडकीतून पाहून का करता? तो का पळून जाते?" कुसुमबाई म्हणाली. "बाजाराजवळ घ्या."

"चोवीस तास पाणी असन तिथी घ्या," सुनंदा म्हणाली. "बाकी मले काई नाई."

माय कोपऱ्यात चारोळ्या निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मल्लम्माच्या घराजवळ पाह्य न रे बापू. मलकाजगिरी म्हणते ते."

मल्लम्मा ही मायच्या माहेरची, सिरोंच्याची मैत्रीण; तिकडे घरोघरी तेलुगूच बोलतात. दोघींचं लहानपण गोदावरीच्या काठावर गेलं. मल्लम्माचे वडील मासे धरायचे आणि या दोघी रेतीवर झिंगे वाळत घालून कावळे हाकलायच्या. मग मल्लम्मा लग्न होऊन हैदराबादला गेली, माय चांद्याला आली आणि पन्नासेक वर्षं दोघींची गाठ नाही. कुणाच्या तरी लग्नात तिचा नंबर मिळाला, तेव्हापासून दर रविवारी फोन. आठवडाभर मोजूनमापून बोलणारी माझी माय रविवारी तेलुगूत खिदळायची. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. पण ती स्वयंपाकघरात हसते आहे, म्हणून सुनंदा त्या वेळी मिक्सर लावत नसे.

"तुम्हीच सांगा न, हैदराबादवाले," भाऊजी माझ्याकडे वळले. "तुमाले त सारं शहर पाठ आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माय पण. त्या क्षणी 'मला काही माहीत नाही' हे चार शब्द बोललो असतो, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण मला त्या शहरातलं एकच नाव येत होतं!

"चंदानगरले घेऊ," मी म्हणालो. "मलकाजगिरीच्या बाजूलेच आहे."

आता आमच्या भागात 'बाजूलेच' या शब्दाला काही धरबंध नाही. मधे जंगल असो, नदी असो, ज्या गावाला आपण जाऊ शकतो ते बाजूलेच. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पल्लवीने मात्र मोबाईल काढला.

"बाबा, नकाशात त तीस किलोमीटर दाखवून राह्यलं."

"नकाशा गाडीरस्त्यानं दाखवते," मी म्हणालो. "आतून वाट आहे."

आतून वाट! हैदराबादमध्ये! जसं काही मोहाच्या झाडापासून डावीकडे वळलं, की लागलंच मलकाजगिरी!

नंतर न्हाणीघरात कडी लावून मीही नकाशा पाहिला. पोरगी बरोबर होती. शहराच्या एका टोकाला चंदानगर, दुसऱ्या टोकाला मलकाजगिरी. बाहेर आलो. माय सुनंदाला सांगत होती, "बाजूलेच आहे म्हणते. सकाळ-संध्याकाळ जाऊन येईन." आणि मी चंदानगरचंच हॉटेल बुक केलं.

सिकंदराबादला उतरलो. मायच्या काखेत उशीच्या खोळीत बांधलेले किलोभर वाळके झिंगे होते, खास सिरोंच्याहून मागवलेले. तीन पिशव्यांच्या आत असूनही त्यांचं अस्तित्व अख्ख्या डब्याला मान्य झालं होतं.

"मल्लम्मा म्हणे टेशनाजवळच राह्यते," माय फलाटावर थांबली.

"ते जुनं टेशन, माय."

(सिकंदराबादला एकच स्टेशन आहे. ते इंग्रजांच्या काळापासून तिथेच आहे.)

टॅक्सी निघाली ती निघालीच. मेट्रोचे खांब संपेनात. ड्रायव्हरने आधी एसी बंद केला, मग काचा उघडल्या, मग आरशातून एकेकाच्या तोंडाकडे संशयाने पाहू लागला. झिंगे त्यालाही कळले होते, फक्त ते कुणाचे हे कळत नव्हतं!

"अजून किती?" कुसुमबाईने विचारलं.

"आलंच."

"एवढ्यात त चांद्याहून राजुरा आलं असतं," भाऊजी म्हणाले. "त्याले आतून घे म्हणा न!"

हॉटेलच्या मॅनेजरने खोलीत येऊन श्वास घेतला आणि कुठे काही मेलं आहे का, ते पलंगाखाली वाकून पाहिलं. मग सुगंधी फवारा मारला. आता खोलीत अत्तर लावलेला झिंगा दरवळू लागला! शेवटी तहात ठरलं, की पिशवी बाहेर गॅलरीत राहील.

संध्याकाळी चहा आणायला म्हणून मी खाली उतरलो. खरं म्हणजे माझी गल्ली पाहायची होती. खानावळीच्या जागी मोबाईलचं दुकान, खोलीच्या जागी सात मजले. फिरता फिरता मी चंदानगरमध्येच हरवलो. पल्लवीने फोनवर 'डावीकडे या, आता उजवीकडे या' करत मला हॉटेलपर्यंत आणलं. एक गल्ली येत होती, तीही गेली.

दुसरा दिवस चारमिनारला गेला. जायला तीन तास, यायला तीन तास. माय आली नाही. "मी इथीच थांबतो. तिनं फोन केला अन् गर्दीत ऐकू नाई आला त?" म्हणाली. भाऊजी चारमिनारखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग हळूच मला म्हणाले, "का हो, तुमी कोन्या मिनारावर बसून चहा पेत होते?"

इकडे मायने मल्लम्माला फोन करून हॉटेलचं नाव सांगितलं होतं आणि वर हेही, की मुलगा म्हणतो आम्ही तुझ्या 'पक्कने' आहोत. पक्कने म्हणजे बाजूलाच. माझं खोटं असं तेलुगूतही पोचलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळची परतीची गाडी. माय पहाटेच आंघोळ करून नवं लुगडं नेसून पलंगाच्या कडेला बसली होती. मल्लम्माला अचानक गाठायचं म्हणून तिने फोन केला नव्हता. टॅक्सी मिळता मिळता दुपार झाली, तेव्हा कुठे मी तिला घेऊन निघालो, दोन तासांनी मलकाजगिरीत पोचलो, विचारत विचारत घर शोधलं. निळं दार. दारापुढे रांगोळी. दाराला कुलूप.

मायने फोन लावला. फोन दाराच्या आत वाजला.

"कुठी गेली असन?" माय पायरीवर बसली. मग एकदम दचकली. "बापू, झिंगे?"

झिंगे गॅलरीत! घाईत मी विसरलो होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला. सुनंदा होती.

"अहो, इथी एक म्हातारी आली! वरच्या मजल्यावर सरळ आपल्याच खोलीत घुसली!"

"कोण म्हातारी?"

"मल्लम्मा म्हणते! खोलीचा नंबर तिले ठाऊक नव्हता, वासावर आली म्हणते! गॅलरीत बसली हाये, पिशवी मांडीवर घेऊन!"

'पक्कने' म्हटल्यावर ती बिचारी बाजूलाच म्हणून न कळवताच निघाली होती. गुडघे धरत, दोन लोकल बदलून, डब्यात पुलिहोरा (चिंचेचा भात) घेऊन! आम्ही शहराच्या या टोकाला तिच्या पायरीवर, ती त्या टोकाला आमच्या गॅलरीत.

परत जायला वेळ नव्हता. ठरलं, की त्यांनी सामान आणि मल्लम्मा दोन्ही घेऊन सरळ सिकंदराबादला यायचं. माय आणि मी फलाटावर जाऊन बसलो. ती जिन्याकडे बघत होती. मी घड्याळाकडे. दीड तास असाच गेला.

गाडी लागली तरी त्यांचा पत्ता नाही. सुटायला पंधरा मिनिटं उरली, तेव्हा जिन्यावरून आधी तो वास आला. मायने डोळे मिटले. मग दिसल्या त्या. एका हाताला सुनंदा, दुसऱ्या हाताला पल्लवी, मधे एक बुटकी म्हातारी, आणि मागून डोक्यावर बॅग घेतलेले भाऊजी ओरडत, "सरका! सरका! बाई येऊन राह्यली!"

मला वाटलं, आता रडारड होईल. दोघी बाकावर बसल्या, एकमेकींचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि हसायला लागल्या. मल्लम्माने पिशवीची गाठ सोडली, एक झिंगा काढला, अर्धा मायच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. शेजारच्या बाकावरचे चौघे उठून गेले.

मल्लम्माने मला काहीतरी विचारलं. मी मायकडे पाहिलं. ती हिंदीत म्हणाली, "छह महिने रहे बोलते बेटा, तेलुगू नहीं सीखे?"

भाऊजींनी कान टवकारले. उत्तर मायने दिलं, तेलुगूत. मल्लम्मा 'अय्यो' म्हणाली आणि माझ्या गालावर हात फिरवला.

गाडी हलली. काझीपेठ गेल्यावर बाकीच्यांचे डोळे लागले. मी मायला म्हणालो, "माय, मले काई ठाऊक नव्हतं. मी कुठीच गेलो नव्हतो."

"मले ठाऊक होतं," माय म्हणाली. "रोज फोनवर रडे तू. रडणारं लेकरू कायले चारमिनार पाह्यते?"

"मग बोलली काऊन नाई? हॉटेल ठरवतानी?"

"सगळ्यांपुढे तुले खाली पाहाले लावू का?" ती म्हणाली. "पंधरा मिनिटं भेटली न. पन्नास वर्षं नव्हती भेटली." आणि पुलिहोऱ्याचा डबा उघडून पुढे केला. "जेवला का?"

माय गेली त्याला आता दीड वर्ष झालं. तिचा बटनांचा फोन मी अजून चार्ज करून ठेवतो. तो दर रविवारी वाजायचा. मी उचलत नसे. 'तेलुगू येत नाही' असं सुनंदाला सांगायचो. मल्लम्माला हिंदी येते, मलाही येते. पण 'ती नाही' हे सांगायला मला कुठलीच भाषा येत नव्हती. मग काही रविवारांनंतर तो वाजायचाही थांबला.

गेल्या महिन्यात मात्र हिय्या केला. सिरोंच्याहून किलोभर झिंगे मागवले आणि एकटाच निघालो. हे तोंडानेच सांगायचं, तिच्यासमोर बसून. या वेळी लॉज घेतला तो मलकाजगिरीत, तिच्या घराच्या मागच्याच गल्लीत! नकाशा तीनदा पाहिला. पल्लवीकडून तपासून घेतला. लॉजच्या खिडकीतून तिचं निळं दार दिसत होतं.

जाऊन पाहतो तर दाराला कुलूप.

शेजारची बाई बाहेर आली. पिशवीच्या वासाने एक पाऊल मागे सरकली. "मल्लम्मा? वो तो बेटी के नए घर रहने चली गई."

(एक रविवार फोन उचलला असता, तर तिनेच सांगितलं असतं.)

"बेटी किधर रहती?"

"चंदानगर."

मी पायरीवर बसलो. याच पायरीवर माय बसली होती.

"दूर है क्या?" मी उगाच विचारलं.

"नहीं, नहीं," बाई हात हलवून म्हणाली. "पक्कने."

मी झिंगे काखेत मारले, उठलो आणि आतून काही वाट आहे का, ते तिला विचारलं.