आकाराम गुळव्याचा हात

आकाराम गुळव्यासारखा हेकट माणूस मी उभ्या कोरेगाव तालुक्यात बघितला न्हाई. गुऱ्हाळावर गूळ रांधायचा त्याचा धंदा. काहिलीत रस उकळायला लागला की हा नुसता वाफेवर हात धरायचा आणि म्हणायचा, "उतरा!" कवा त्याची ढेप मऊ पडली न्हाई की करपली न्हाई. मग ताठा तर असणारच की! "ताप कसला तो मला इचारा," म्हणायचा.

बहात्तरच्या दुष्काळात गावानं तळं खोदलं. पुढं दोन पावसाळ्यांत ते भरलं आणि ह्याच्या डोक्यात मासं शिरलं. सरकारी केंद्रातनं सायप्रिनस माशाची मोठी जोडपी आणून सोडली. हा मासा साचल्या पाण्यातबी अंडी घालतो, फकस्त पाण्याला ऊब पायजे. पण तळ्याखाली माझा ऊस! मी पंचायतीत तावातावानं भांडलो. शेवटी ठरलं, शिमग्यापतोर पैदास झाली तर तळं आकारामचं, न्हाई तर मी इंजिन लावून पाणी उसाला घेणार.

पौषात भल्या सकाळी गडी तळ्यावर. अंगावर घोंगडं, दात वाजतायत, पाण्यावर वाफ. हात बुडवून म्हणायचा, "नाना, कसं कोमट हाय बघ! आज अंडी पडणारच." मीबी हात घातला. कोमट लागलं खरं. अंडी चिकटावीत म्हणून त्यानं काठाला पाणगवताच्या पेंढ्या सोडल्या व्हत्या. रोज उचलून बघायचा. काय न्हाई.

शिमगा आला. ऊन तर असं, की धोंड्यावर पाय ठरंना. भर दुपारी आकारामनं हात घातला आणि त्याचं तोंडच उतरलं.

"गार पडलं रं पाणी. आता कशाची अंडी? लाव तुझं इंजिन."

मला लय वाईट वाटलं. पण ऊसबी वाळत व्हता. लावलं इंजिन. काठ उघडा पडू लागला.

त्याची बायको चंद्राबाई पेंढ्या काढायला गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिथनंच वरडली, "आवं, गार कुठलं? पाय घालून उभं तर ऱ्हावा! पौषात इथंच माझं पाय बधिर व्हायचं."

आकाराम उतरला. गुडघाभर पाण्यात पाय रोवून उभा ऱ्हायला. मग एक पेंढी डोळ्यापाशी धरली आणि तशीच घेऊन माझ्याकडं पळत सुटला. "नाना, बंद कर! अंडी हायती! काठ सुकला तर समदी मरतील!"

मी पेंढी उलटीपालटी केली. मला थेंबांबिगार काय दिसंना. इंजिनापाशी जमलेले बाकीचे ऊसवाले हसले. "तळं जातंय म्हणून थापा मारतोय गडी!"

आकाराम लालबुंद झाला. त्यांच्यातच चार गुऱ्हाळांचे मालक उभे व्हते, त्याला दरसाल कामाला बोलावणारे. त्यांच्यादेखत तो छातीवर हात मारून वरडला, "माझा हात चुकला! पौषात हवा गार, म्हणून गार पाणी कोमट लागलं. आज हवा तापलीय, म्हणून कोमट पाणी गार लागलं. चुकला माझा हात!"

मला अंडी तवाबी दिसली न्हाईत. पण तळ्यापायी आकाराम हजार थापा मारंल, 'माझा हात चुकला' ही एक न्हाई मारायचा. मी जाऊन इंजिन बंद केलं.