मोतीला हिंदी येत नाही

मित्रहो, माझ्या एका जुन्या युक्तिवादातील दोष आज सकाळी उघडकीस आला. तो दाखवला तीन आठवड्यांपूर्वी घरी आलेल्या कुत्र्याने.

आमच्या या हिंदीभाषक शहरातल्या इलाइट चौराह्याजवळ मोतीच्या गळ्यातला पट्टा निसटला आणि तो थेट वाहनांत शिरला. माझी सोळा वर्षांची नात इरा ओरडली, "मोती, रुक जा! इधर आ!" त्याने वळूनही पाहिले नाही. एका ई-रिक्शावाल्याने करकचून ब्रेक दाबला. "दादाजी, सँभालो इसे!"

माझा आवाज तिथवर पोचत नव्हता. मोतीला मी केवळ मराठी शिकवली आहे, हे इराला तेव्हा आठवले असावे. "मोती, थांब! मागे ये!" तो थांबला आणि शेपूट हलवत परतला.

"आजोबा, इसको हिंदी क्यों नहीं सिखाई?"

"तुला तरी कोणी शिकवली होती?"

ती हसली. घरी पोचेपर्यंत ती मोतीशी मराठीतच बोलत होती. क्रियापदे चुकत होती. मोतीची तक्रार नव्हती.

मराठी का बोलावी, याची कारणे मी इराला अनेक वर्षे देत आलो. ती शांतपणे ऐकून हिंदीत उत्तर देई, आणि मला हिंदी समजत असल्याने तिचे काही अडत नसे. आज मोतीपाशी अडले. माझी कारणे बिनचूक होती. गरज मात्र मी कधी निर्माणच होऊ दिली नाही.

उद्यापासून इराची हिंदी मला थोडी कमी समजणार आहे. तुमच्या घरी काय परिस्थिती आहे?