आधी पदवी की आधी विमान

कॉलेजच्या परीक्षा विभागात मी अकरा वर्षं बाईंच्या समोरच्या टेबलावर बसलो. त्या मुख्य लिपिक, मी त्यांच्या हाताखालचा. खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. वर तास सुटला की डोक्यावरून बुटांचा धडधडाट जायचा आणि फायलींवर चुन्याची भुकटी पडायची. व्हरांड्याकडच्या खिडकीला जाळी होती आणि जाळीला हात जाईल एवढं भोक. त्या भोकातून बाई निकाल द्यायच्या, म्हणून मुलं त्यांना 'नापास बाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं. "पास बाई म्हणायची यांची लायकी कुठे आहे," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

कॉलेजबद्दल बाईंना जे वाटायचं त्याला राग म्हणता येणार नाही. राग यायला समोरच्याला काही किंमत द्यावी लागते. बाई नुसत्या जाणून होत्या. कुठले सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दोरीसुद्धा न सोडता परत पाठवतात, कोण पानं मोजून गुण देतं, कुणाचे पेपर घरी मेव्हणा तपासतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. उपप्राचार्य दर समारंभात या वास्तूला ज्ञानाचा दीपस्तंभ म्हणायचे. बाई खाली बसून पेन्सिलीला टोक काढायच्या आणि म्हणायच्या, "त्यांना म्हणावं, आधी जिन्यातला दिवा लावा."

मी हसायचो. त्यांच्याबरोबर नाक मुरडलं की मलाही आपण कुणीतरी असल्यासारखं वाटायचं.

बाईंना एकच मुलगी. आमच्याच कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. उंच, सडपातळ, आईसारखीच एक भुवई वर करून बघणारी. मधल्या सुट्टीत डबा घेऊन आमच्या खोलीत यायची आणि दोघी मायलेकी मिळून सगळ्या कॉलेजची सालं काढायच्या. त्यांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे भौतिकशास्त्राचे सर. त्यांना सगळे 'डिक्टेशन' म्हणत. कडा कुरतडलेली एक पिवळी वही होती त्यांच्याकडे. तिच्यातून ते वाचायचे, मुलं उतरवायची, घंटा झाली की अर्ध्या वाक्यात थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्यापासून सुरू करायचे. एकदा वाऱ्याने वहीचं पान उलटलं आणि उष्णता शिकवता शिकवता सर प्रकाशात गेले. वर्गात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही, सरांच्यासुद्धा.

त्या वर्षी लेकीने एक फॉर्म आणला. हवाई दलाच्या वैमानिक प्रशिक्षणाचा. आत जायला दोन दारं होती. दोन वर्षं कॉलेज झालेल्यांना थेट घेत आणि उरलेली पदवी तिथेच पूर्ण करून देत. किंवा साठ टक्क्यांनी पदवी घेऊन मग यायचं. कुठल्याही दाराने गेलात तरी निवड चाचणी आयुष्यात दोनच वेळा देता येणार होती.

"आताच जा," बाई म्हणाल्या. फॉर्म पुरता वाचलाही नव्हता. "इथे आणखी एक वर्ष काय करणार आहेस? डिक्टेशनचं शुद्धलेखन सुधारणार?"

"बाबा म्हणतात, आधी पदवी."

"ते म्हणणारच."

बाईंचे मिस्टर बस डेपोत मेकॅनिक. शाळेपुढे शिकलेले नव्हते. पदवी या शब्दावर त्यांची इतकी श्रद्धा की बाईंच्या नोकरीबद्दलही ते अदबीने बोलायचे. त्या संध्याकाळी बाईंना न्यायला आले तेव्हा तेल लागलेला हात मागे धरून खिडकीबाहेरच उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कधी आत आले नव्हते.

"विमानाचं नाहीच जमलं तर हातात काहीतरी हवं ना," ते म्हणाले.

"हातात काय हवंय? कागद?" बाई म्हणाल्या. "तो कसा तयार होतो ते मी रोज बघते. तुम्ही बघितलं असतंत तर त्याने स्पॅनरसुद्धा पुसला नसतात."

ते नेहमीच गप्प बसायचे आणि आम्हाला वाटायचं, त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही नसावं.

उपप्राचार्यांनाही बातमी लागली. ते जातीने खाली आले, डोकं जिन्याच्या तुळईला आपटू नये म्हणून वाकले आणि लेकीला म्हणाले, "बाळ, तू आमची आशा आहेस. पदवी सोडू नकोस. तू उद्या विमान उडवशील तेव्हा आमच्या फलकावर तुझा फोटो लागायला हवा." ते गेल्यावर मायलेकी इतक्या हसल्या की बाईंना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. लेकीने तिथेच आईच्या पेनाने फॉर्म भरला. शिक्षण अपूर्ण, या रकान्यापुढे तिने खूण केली ती कागद फाटेल इतक्या जोरात.

लेखी परीक्षा ती सहज पास झाली. धावणं, उड्या, डोळे, कान, सगळं झालं. निवडीचे पाच दिवस होते. ती पाचव्या दिवशी मुलाखतीत पडली.

परत आल्यावर दोन दिवस ती खोलीकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली, डबा न उघडता बसली आणि सांगू लागली. मुलाखत घेणारे अधिकारी वयस्कर होते, कानाच्या वर पांढरे केस. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, विमानाचा पंख वर कशाने उचलला जातो?

"मी सांगितलं. पंखाची वरची बाजू फुगीर असते, म्हणून वरच्या हवेला जास्त अंतर कापावं लागतं, खालच्या हवेबरोबर एकाच वेळी मागच्या कडेला पोचायचं म्हणून ती जोरात जाते, म्हणून वर दाब कमी. घडाघडा सांगितलं."

"मग?" बाई म्हणाल्या.

"ते म्हणाले, दोघींनी एकाच वेळी पोचायचं असं कुणी ठरवलं? आपसात बोलणं झालंय का त्यांचं?"

मला हसू आलं. बाईंना आलं नाही.

"मग म्हणाले, बरं, विमान उलटं उडतं तेव्हा फुगीर बाजू खाली असते. तेव्हा ते का पडत नाही? मी परत पहिल्यापासून तेच सांगायला लागले. ते म्हणाले, हे तू कुठून पाठ केलंस? मी म्हटलं, आमचे सर वही वाचून दाखवतात, त्यांना काही येत नाही, म्हणून तर कॉलेज सोडून आले. तर म्हणाले, सरांना येत नाही हे तुला दोन वर्षं ठाऊक होतं. मग या दोन वर्षांत तू स्वतः काय वाचलंस?"

जिन्यावरून कुणीतरी धडधडत गेलं.

"मी काय वाचलं होतं आई? तुझ्यासमोर बसून लोकांना हसत होते मी."

बाईंनी ताबडतोब तोंड फिरवलं. "एक म्हातारा काहीतरी बरळला आणि तू मनाला लावून घेतलंस. सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी आहे. पुन्हा जा."

"नाही. एकच संधी उरलीय. मी पदवी पूर्ण करून जाणार."

"घाबरलीस."

"घाबरले," लेक म्हणाली. "तू पंचवीस वर्षं इथे बसलीस, एकेकाची लबाडी डोळ्यांनी बघितलीस, मग त्यांना नावं ठेवलीस. तुला तो हक्क आहे. मी काहीही न करता तेच करत होते. आयतं मिळालं होतं मला."

त्यानंतर महिनाभर बाई लेकीशी कामापुरतंच बोलल्या. माझ्याशी मात्र भरपूर बोलायच्या. म्हणायच्या, "शेवटी बापावर गेली. कागदाची भक्त."

तिसऱ्या वर्षात कॉलेजात काही फरक पडला असेल तर शपथ. डिक्टेशन तेच, वही तीच. ग्रंथालयाच्या पंख्याचं एक पातं गळून पडलं ते वर्षभर टेबलावरच होतं. पण लेक तासाला पहिल्या बाकावर बसून हात वर करू लागली. सरांनी आधी दुर्लक्ष केलं, मग 'हे अभ्यासक्रमात नाही' म्हणाले, मग ती हात वर करायच्या आधीच 'प्रश्न शेवटी' म्हणायला लागले आणि शेवट येऊ द्यायचे नाहीत. ती ग्रंथालयात जाऊन धूळ झटकून जाड पुस्तकं काढायची. एका पुस्तकावर अठरा वर्षांत पहिला शिक्का तिचा पडला.

आणि एक गोष्ट घडली जी बाईंना अजिबात पचली नाही. एका रविवारी लेक बापाबरोबर डेपोत गेली. बापाने भंगारातला बसच्या रेडिएटरचा पंखा बॅटरीला जोडला, पत्र्याचा लांब डबा केला, एका बाजूला काच लावली. लेकीने पुठ्ठ्याचा पंख कापून आत टांगला आणि त्याला लोकरीचे धागे चिकटवले. पंखा सुरू केला तेव्हा पंखामागचे धागे सरळ न जाता खाली वाकले.

बाप म्हणाला, "हवा खाली ढकलली जातेय, म्हणून पंख वर जातोय. बोटीचं वल्हं नाही का? यात एवढं काय आहे?"

लेकीने हे आमच्या खोलीत येऊन सांगितलं. "आई, त्यांना सगळं येतं. दाब, घर्षण, सगळं. आपण कधी विचारलंच नाही."

"मग त्यांनाच प्राचार्य करा," बाई म्हणाल्या आणि फायलीत डोकं घातलं. पण त्या दिवशी त्यांनी फाईल उलटी धरली होती.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेला तोंडीत डिक्टेशननी पंखाचाच प्रश्न विचारला. लेकीने खरं उत्तर दिलं, आणि वहीतलं उत्तर चुकीचं का हेही सांगितलं, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर. परीक्षक म्हणाले, "वा." सरांनी मान खाली घालून पुढच्या मुलाला बोलावलं. गुण देणं त्यांच्या हातात होतं.

नातेवाइकाचे गुण चढवायचे नाहीत असा विभागाचा नियम, म्हणून त्या वर्गाची गुणपत्रिका माझ्या टेबलावर आली. पन्नासपैकी सत्तावीस. सबंध वर्गात सगळ्यात कमी. जो मुलगा वर्षभरात प्रयोगशाळेकडे एकदाही फिरकला नव्हता त्याला एक्केचाळीस. मी मनातल्या मनात बेरीज केली. बाकीचे विषय चांगले होते, पण साठ टक्क्यांची रेघ अंगाला घासून जात होती. सरांचा सुवाच्य अक्षराशी काही संबंध नव्हता, त्यांच्या दोनाला खाली एक आकडी जोडली की तीन होत होता.

मी कागद बाईंच्या टेबलावर सरकवला. हळूच म्हटलं, "बाई, हा दोन आहे की तीन, नीट कळत नाहीये."

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. त्यांची पेन्सिल कागदाच्या वर थांबली होती, आणि मी खिडकीकडे बघत राहिलो, म्हणजे त्यांना काय करायचं ते करता यावं.

"दोन आहे," त्या म्हणाल्या.

"तीनसुद्धा—"

"मी म्हटलं ना, दोन आहे." त्यांनी कागद माझ्याकडे ढकलला. लेकीच्या सरांकडे, उपप्राचार्यांकडे, या सबंध इमारतीकडे त्या ज्या नजरेने बघायच्या, त्या नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आठ वर्षं समोर बसून तुला वाटलं, मी यांच्यातली आहे? की तू आहेस?"

मी सत्तावीस चढवले. त्या दिवसापासून बाई माझ्याशी इतरांबद्दल बोलेनाशा झाल्या. इतरांमध्ये मीही जमा झालो होतो.

एकूण साठ पूर्णांक चार टक्के पडले. लेकीने गुणपत्रिका बघितली, सत्तावीसवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एवढे दिले? मला वाटलं वीस देतील." पुनर्मोजणीचा अर्ज केला नाही. सरळ दुसऱ्या दाराचा फॉर्म भरला.

दुसऱ्यांदा मुलाखत घ्यायला ते पांढऱ्या केसांचे अधिकारी नव्हते. पंखाचा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तिला विचारलं, मागच्या वेळी का नापास झालीस? ती म्हणाली, "माझं वर्गातल्या लोकांबद्दलचं मत बरोबर होतं आणि माझ्याबद्दलचं चूक." तिला घेतलं.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही. लढाऊ विमानाच्या प्रशिक्षण तुकडीतून तिला वर्षभराने काढलं, तिचे निर्णय दोन-तीन सेकंद उशिरा येत होते म्हणे. मालवाहू विमानांकडे पाठवलं. फोनवर ती रडली असं तिच्या बाबांनी मला खिडकीतून सांगितलं. बाईंनी मात्र विभागात जाहीर केलं, "आकाशातला ट्रक चालवणार आता. बापाचाच धंदा."

उपप्राचार्यांनी फलकावर तिचा फोटो लावला. खाली 'आमच्या मार्गदर्शनाने' असं लिहिलं होतं आणि त्यापुढे डिक्टेशन सरांचं नाव. बाई त्या फलकावरून रोज जात, एकदाही थांबल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "फोटो तिरका लागलाय. तेवढं तरी कुठे येतंय."

प्रशिक्षण संपल्यावर लेकीच्या दीक्षान्त संचलनाला बाई तीन दिवसांची रजा टाकून गेल्या. नोकरीतली त्यांची ती पहिली सलग रजा. मिस्टर कोट शिवून घेऊन गेले होते. परत आल्यावर बाई पुष्कळ दिवसांनी माझ्याशी मोकळेपणाने बोलल्या, कारण सांगायला दुसरं कुणी नव्हतं. चहा पाण्यासारखा होता. खुर्च्या दमट होत्या. कुठल्याशा मोठ्या अधिकाऱ्याने चाळीस मिनिटं भाषण केलं, त्यात उपप्राचार्यांपेक्षा एक शब्द वेगळा नव्हता.

"आणि लेक?" मी विचारलं.

"रांगेत होती. टोप्या घातल्यावर सगळी सारखीच दिसतात." बाईंनी रजिस्टर ओढलं, पान उलटलं, परत मागचं पान उघडलं. "तिसरी रांग, डावीकडून पाचवी. चालताना उजवा हात बाकीच्यांपेक्षा बोटभर जास्त वर जातो तिचा. कुणी सुधारला कसा नाही कोण जाणे."