घशात संत्रं अडकलंय, असं मी म्हणालो

शेंदूरजनाघाटजवळच्या एका खेड्यातली ती एकटी बाई या उन्हाळ्यात वारली. तिच्याबद्दल गावात जे सांगतात ते खोटं आहे. मला ते पहिल्यापासून माहीत होतं.

चाळीसेक वर्षांपूर्वी अकोल्याला मी जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. शिकण्यासाठी त्या गावच्या दवाखान्यात राहत होतो. एका दुपारी डॉक्टर बाहेर असताना एक शेतकरी गाय घेऊन आला. तोंडातून लाळेच्या तारा, गिळता येत नव्हतं. संत्र्याच्या बहारात असं जनावर आलं की तिकडे एकच विचार येतो: बगिच्यात पडलेलं फळ घशात अडकलं. मी कोपरापर्यंत हात घातला. घसा रिकामा होता. गायीनं जीभसुद्धा हलवली नाही.

"लागलं का काई हाताले?" शेतकऱ्यानं विचारलं. मला काही कळलं नाही, हे कबूल करवेना.

"संत्रं अडकलंय. आत सरकलं, उतरेल."

शेतकरी गाय घरी न्यायला लागला, तसा मीही सोबत निघालो. वाटेत गाय त्या बाईच्या दारापुढं थांबली आणि ओरडली. तो हंबरडा नव्हता. तोंड दाबलेल्या माणसासारखा घोगरा, तुटका आवाज होता. बाई दारात आली. गायीनं तिच्याकडे मान लांबवली. आवाज संपला तरी तोंड उघडंच राहिलं.

"हे गाय नाई बोलून राहिली," मागून कोणीतरी म्हणालं. "या बाईनंच करनी केली."

गाय मेली. माझ्याकडून आवाजाचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "कसलं संत्रं? पिसाळली होती ती!" मी आणि शेतकऱ्यानं अमरावतीला रेबीजची इंजेक्शनं घेतली. गाय पिसाळली होती हे गावात सांगायचं काम डॉक्टरांनी माझ्यावर सोपवलं.

"बोलू नोका, साहेब," शेतकरी म्हणाला. "दूध घरोघरी गेलं हाय. मले गावात राहू देनार नाई लोक."

मी लगेच हो म्हणालो. माझी चूकही झाकली जात होती. दूध उकळून पितात म्हणा, कोणाला काही झालं नाही. त्या बाईच्या दारावरून मात्र लोक जाईनासे झाले.

पुढं कितीतरी वर्षांनी, निवृत्तीनंतर, मी तिला गाठून सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"मंग आता कायले सांगून राहिले?"

"गावाला खरं कळावं म्हणून."

"राहू द्या. एकटी बाई हावो मी. भेतात म्हनून माह्या वावराच्या धुऱ्यावरचं झाड कोनी तोडत नाई. तुमचं संत्रं मलेच पावलं म्हना!" ती हसली. "मी मेल्यावर सांगा."

ती गेल्यावर, गेल्या महिन्यात, त्या गावी जाऊन पारावर सांगितलं. लोकांनी नीट ऐकलं, चहा दिला.

"मंग गाय तिच्याच दारापुढं काहून थांबली, डॉक्टरसाहेब?" एकानं विचारलं.

"पिसाळलेलं जनावर कुठंही थांबतं."

त्यांनी माना डोलावल्या, आणि उठून तिचं दार टाळत लांबच्या बोळानं घरी गेले. मी मुद्दाम तिच्या दारावरून निघालो. दाराला कुलूप होतं. तिथं पोचल्यावर, सगळं माहीत असूनही, माझी चाल वाढली.